आकाशातला गॉगल काळा नसतो

फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या शीतल राणे-महाजन यांनी थायलंडमधील पटाया येथे नऊवारी साडी नेसून सुमारे १३ हजार फुटांवरून विमानातून उडी घेतली. त्या उडीची छायाचित्रे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. वाऱ्यावर साडी कशी सावरली, पिना किती लावल्या, काष्टा सुटला कसा नाही, याची चर्चा पुष्कळ दिवस चालली. त्याच वेषात पॅराशूट, हेल्मेट आणि बूट यांच्याबरोबर डोळ्यांवर एक गॉगलही होता. त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक साडीच्या जागी दुसरा कोणताही पोशाख चालला असता. डोळ्यांवरच्या त्या साधनाला पर्याय नव्हता.

‘गॉगल’ या शब्दाने मराठी माणसाची थोडी फसगत केली आहे. आपल्याकडे गॉगल म्हटले की काळा चष्मा, उन्हाळा, लग्नाची वरात आणि थोडासा रुबाब एवढेच डोळ्यांपुढे येते. दुकानदाराकडे गॉगल मागितला तर तोही काळ्या काचांचीच पेटी पुढे करतो. आकाशातून उडी घेणारा ज्याला गॉगल म्हणतो त्याचे काम निराळे आहे. ऊन अडवणे हे त्याचे दुय्यम काम. वारा अडवणे आणि डोळे उघडे ठेवू देणे हे मुख्य काम. म्हणूनच नवशिक्याला दिला जाणारा गॉगल बहुतेक वेळा पूर्णपणे पारदर्शक असतो. दुबई किंवा थायलंडच्या सहलीत आकाशउडीचा बेत आखणाऱ्यांची संख्या आता तालुक्याच्या गावांतूनही वाढू लागली आहे. त्यातले अनेकजण निघण्यापूर्वी एक झकास काळा गॉगल विकत घेतात, आणि विमानतळावरचा प्रशिक्षक तो शांतपणे बाजूला ठेवायला लावतो.

हे का, ते समजण्यासाठी आकाशात जाण्याची गरज नाही. नांदगावहून नस्तनपूरच्या शनिमंदिराकडे शनिवारी दुचाकीवरून निघालेल्या माणसाला विचारावे. हेल्मेटची काच वर केलेली असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर दोन-तीन किलोमीटरांतच डोळ्यांतून पाणी वाहू लागते. चैत्र-वैशाखात त्यात धूळ मिसळली की गाडी बाजूला घेऊन डोळे चोळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आता विमानातून उडी घेतलेल्या माणसाचा विचार करावा. पोट खाली, हातपाय पसरलेले, अशा स्थितीत पडणाऱ्या माणसाचा वेग पहिल्या दहा-बारा सेकंदांत वाढत वाढत ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटरपर्यंत जातो आणि तेथे स्थिरावतो. वेग तिप्पट झाला म्हणून वाऱ्याचा मारा तिप्पट होतो असे नाही. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंचावरची हवा थोडी विरळ असते हे जमेस धरले तरी दुचाकीस्वाराच्या चेहऱ्यावर जेवढा मारा होतो, त्याच्या साधारण दहापट मारा या माणसाच्या चेहऱ्यावर होत असतो. गाल मागे ओढले जाऊन फडफडतात ते त्यामुळेच. डोळा तर गालाहून कितीतरी नाजूक.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकीच असते. आपण मिनिटाला बारा-पंधरा वेळा पापणी मिटतो ती हा थर पुन्हा सारखा करण्यासाठी. त्याच्यामुळेच दृष्टी स्वच्छ राहते. थर तुटला की खालच्या पटलातील असंख्य मज्जातंतू तक्रार करतात, डोळा आपोआप मिटतो आणि अश्रुग्रंथी भराभर पाणी सोडते. ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात हा थर टिकत नाही. शरीर स्वतःचे रक्षण करू पाहते आणि त्या प्रयत्नात माणसाला आंधळे करून ठेवते. जमिनीवर ही प्रतिक्रिया उपकारक आहे. आकाशात नेमकी उलट ठरते.

कारण आकाशउडीत डोळ्यांना करायचे काम मोठे असते. मनगटावर उंचीमापक असतो. त्यावरचा काटा वा आकडा पाहूनच पॅराशूट केव्हा उघडायचे ते ठरते. वेग स्थिरावल्यानंतर दर साडेपाच सेकंदांना सुमारे एक हजार फूट उंची संपत असते. डोळे चोळण्यात, पाणी निपटण्यात किंवा घसरलेला चष्मा सावरण्यात पाच सेकंद गेले, तर त्याची किंमत हजार फुटांत मोजावी लागते. १२ हजार फुटांवरून निघालेल्या माणसाला पाच हजार फुटांपर्यंत पोहोचायला जेमतेम पाऊण मिनिट मिळते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पाच सेकंदांचे मोल कळते. ठराविक उंचीच्या खाली गेल्यावर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारी यंत्रे आता सर्रास वापरली जातात. ती अखेरचा आधार म्हणून असतात. त्यांच्या भरवशावर डोळे मिटून पडत राहण्याची मुभा कोणीही प्रशिक्षक देणार नाही.

दोघांनी मिळून घ्यायच्या, म्हणजे टँडम उडीत ही जबाबदारी पाठीशी बांधलेल्या प्रशिक्षकाची असते. तेथे पाहुण्याने डोळे मिटले तरी पॅराशूट उघडतेच. मात्र ज्या दृश्यासाठी एवढे पैसे मोजले ते दिसत नाही आणि उतरताना पाय उचलण्याची सूचना वेळेवर उमगत नाही. म्हणून टँडमच्या पाहुण्यालाही गॉगल दिला जातो. बहुधा तो मऊ प्लॅस्टिकचा, एकाच पारदर्शक पट्टीचा आणि मागे रुंद रबरी पट्टा असलेला असतो. दिसायला अगदीच सामान्य. तो घातल्यावर छायाचित्रात माणूस रुबाबदार दिसत नाही ही तक्रार खरी आहे. पण तो चेहऱ्यावर चिकटून बसतो, वाकवला तरी तुटत नाही आणि दुसऱ्याच्या तोंडावर आदळला तरी इजा करत नाही.

निवडीचे पहिले सूत्र येथेच सापडते. काच कोणती यापेक्षा कड कशी बसते हे आधी पाहावे. नाकाच्या दोन्ही बाजू, गालांची हाडे आणि कानशिले या ठिकाणी गॉगलची कड त्वचेला सलग टेकली पाहिजे. भारतीय चेहऱ्यांची ठेवण एकसारखी नसते. एकाला चपखल बसलेला गॉगल दुसऱ्याच्या नाकापाशी फट सोडतो. परीक्षा घरच्या घरी होऊ शकते. गॉगल आणि हेल्मेट दोन्ही चढवून टेबलफॅनसमोर हातभर अंतरावर बसावे, पंखा पूर्ण वेगाने लावावा आणि मान डावी-उजवीकडे, वर-खाली हळूहळू वळवावी. डोळ्याच्या कोपऱ्यात वाऱ्याची झुळूक जाणवली तर तो गॉगल आकाशात निरुपयोगी ठरणार, हे तेथेच ओळखावे. मोठ्याने हसूनही पाहावे. हसताना गाल वर येतात आणि खालची कड उचलली जाते. उडी घेताना माणसे हसतात किंवा ओरडतात, गंभीर चेहरा करून कोणी पडत नाही.

रस्त्यावरच्या काळ्या चष्म्याची गोम इथेच आहे. त्याच्या चारी बाजू उघड्या असतात. वारा कडेने आत शिरतो, काचेच्या मागे भोवरा होतो आणि डोळ्यांचे हाल उघड्या डोळ्यांपेक्षा फारसे कमी होत नाहीत. शिवाय कानांवर नुसत्या दांड्या टेकवलेला चष्मा त्या वेगात टिकत नाही. हजारो फुटांवरून सुटलेली कोणतीही वस्तू खाली कोणाच्या तरी शेतात पडणार असते, हा विचार उडी घेणाऱ्याने केलाच पाहिजे.

गॉगलची पट्टी पॉलिकार्बोनेटची असावी. हे प्लॅस्टिक आघात सोसते, तडकून त्याचे धारदार तुकडे होत नाहीत. हेल्मेटच्या पुढच्या काचाही त्याचमुळे त्यापासून करतात. खऱ्या काचेचा चष्मा डोळ्यांपुढे ठेवून उडी घेणे म्हणजे संकटाला आवतण देणे. अॅक्रिलिक स्वस्त असते, दिसते तसेच पारदर्शक, परंतु जोराचा आघात बसला तर ते तडकते. पॉलिकार्बोनेटचा दोष एवढाच की त्यावर ओरखडे लवकर उठतात. म्हणून वरून कठीण लेप दिलेला गॉगल घ्यावा. ओरखड्यांनी अंधुक झालेली पट्टी उन्हात चमकते आणि नेमक्या वेळी उंचीमापकाचा आकडा धूसर करते.

रंगाविषयी मतभेद आहेत आणि ते राहणार. अनुभवी मंडळी भर दुपारी करड्या छटेचा गॉगल वापरतात. करड्या छटेत रंग बदललेले दिसत नाहीत हा तिचा गुण. धुरकट हवेत पिवळसर छटा आकृत्या ठळक करते. पण नवशिक्याने पारदर्शक पट्टीच पत्करावी, असे सांगण्यामागे सबळ कारण आहे. शिकाऊ माणसाबरोबर आकाशात पडणारा प्रशिक्षक हाताच्या खुणांनी बोलतो आणि त्या खुणा समजल्या की नाही हे शिष्याच्या डोळ्यांवरून ओळखतो. घाबरलेले, गोंधळलेले किंवा एकाच जागी खिळलेले डोळे त्याला दिसले पाहिजेत. काळ्या काचेआड ते लपतात. शिवाय संध्याकाळच्या शेवटच्या फेरीत, ढगांच्या सावलीत किंवा विमानाच्या अंधाऱ्या पोटात पट्ट्या-बकला तपासताना काळी काच अडथळाच करते. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचा मोह अनेकांना पडतो. त्या रंग बदलायला वेळ घेतात आणि थंडीत अधिकच गडद होतात. ध्रुवीकृत काचांची अडचण आणखी वेगळी. अंकदर्शक उंचीमापकाचा पडदा विशिष्ट कोनातून पाहिल्यास अशा काचेतून काळवंडतो. रस्त्यावर गाडी चालवताना चकाकी घालवणारी हीच काच मनगटावरचा आकडाही घालवू शकते.

थंडी हा विषय आपल्याकडे सहज विसरला जातो. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरते. एप्रिलमध्ये नांदगावच्या बाजारपेठेत पारा ४० अंशांवर असेल, तेव्हा जमिनीपासून १३ हजार फूट वर तो १४ अंशांच्या आसपास असेल. डिसेंबरच्या सकाळी तर गोठणबिंदूच्या खाली. विमानात बसलेल्या माणसाचा चेहरा गरम, श्वास दमट, मनात धाकधूक असल्याने कपाळावर घाम. आणि दार उघडताच गॉगलची पट्टी एकदम गार पडते. आतल्या दमट हवेचे दव तिच्यावर जमते. चहाच्या पेल्यावर वाकलेल्या चष्मेवाल्याचा अनुभव येथे आठवावा. म्हणून कडेला बारीक छिद्रे असलेला गॉगल बरा. ही छिद्रे वारा थेट डोळ्यांवर येणार नाही अशी आडवळणाने काढलेली असतात. आतून धुके न धरणारा लेप दिलेला असेल तर उत्तम. मात्र तो लेप बोटाने किंवा रुमालाने पुसला की गेला. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट वापरणारे तर विमानात पुढची काच वर ठेवतात आणि उडीच्या अगदी आधी खाली ओढून बसवतात. खाली ओढल्यावर ती खटकन बसली की नाही हे सोबत्याकडून पाहून घेण्याची पद्धत आहे आणि ती पाळली पाहिजे.

शीतल राणे-महाजन यांची पहिलीच उडी या दृष्टीने विलक्षण होती. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर रशियन एमआय-८ हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. तापमान होते उणे ३७ अंश. अशा थंडीत दव जमत नाही, सरळ बर्फ जमतो. श्वासाची वाफ गॉगलच्या आत शिरली की तिचा पांढरा थर होतो आणि तो हाताने निघत नाही. नाक आणि तोंड झाकताना श्वास वर गॉगलकडे न जाता खाली जाईल अशी तजवीज करावी लागते ती त्यामुळे. पुढे डिसेंबर २००६ मध्ये त्यांनी अंटार्क्टिकावर उडी घेतली, २०११ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली. एवढ्या उंचीवर हवा विरळ असल्याने माणूस अधिक वेगाने पडतो. पण चेहऱ्यावरचा वाऱ्याचा दाब मात्र वाढत नाही. वेग स्थिरावतो तोच मुळी हवेचा रेटा शरीराच्या वजनाइतका झाला म्हणजे, आणि वजन तर तेच असते. तेव्हा पट्ट्याची मजबुती तेवढीच पुरते. वाढते ती थंडी, कोरडेपणा आणि बर्फावरून परतणारा प्रकाश. अशा ठिकाणी छटा असलेली पट्टी ही चैन राहत नाही.

सर्वांत अधिक प्रश्न नंबरचा चष्मा असणाऱ्यांचे असतात आणि ते रास्तही आहेत. ज्याला हातावरचे घड्याळ चष्म्याशिवाय वाचता येत नाही, त्याला उंचीमापक कसा वाचता येणार? चष्मा काढून ठेवून उडी घेणे हा उपाय नव्हे. चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल मिळतात. टँडमच्या बहुतेक केंद्रांवर ते ठेवलेले असतात. आतला चष्मा हलका, प्लॅस्टिकच्या भिंगांचा आणि मागे दोरीने बांधलेला असावा. मोठ्या गॉगलच्या कडा चष्म्याच्या दांड्यांपाशी उचलल्या जातात, म्हणून पंख्यासमोरची परीक्षा येथे अधिकच कसून घ्यावी. वारंवार उडी घेणाऱ्याने नंबरची भिंगे बसवलेला खेळाचा गॉगल करून घेणे श्रेयस्कर. पन्नाशीच्या पुढच्या माणसांची अडचण आणखी निराळी. त्यांना दूरची जमीन लख्ख दिसते, पण हातावरचा आकडा दिसत नाही. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा खालचा भाग नेमका कोणत्या कोनातून मनगटाकडे पाहतो, हे जमिनीवर पालथे झोपून, हात पुढे घेऊन तपासावे. हसण्यासारखे दृश्य दिसेल खरे, पण तपासायची स्थिती तीच आहे.

कॉन्टॅक्ट लेन्स चालतात. मऊ लेन्स आकाराने मोठ्या असून डोळ्यावर घट्ट बसतात, त्यामुळे लहान, कडक लेन्सपेक्षा त्या बऱ्या. परंतु गॉगलमध्ये फट असेल तर कोरडी पडलेली लेन्स सरकते किंवा उडून जाते; एका डोळ्याची गेली तर अंतराचा अंदाज चुकतो आणि उतरताना घोटाळा होतो. त्या दिवशी काजळ घालू नये आणि कपाळावर उन्हाचे मलम चोपडू नये. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरते आणि गॉगल घातलेला असताना चोळता येत नाही.

डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र दुकानात जाण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लेसिक शस्त्रक्रियेत पारदर्शक पटलाचा एक पातळ पापुद्रा उचलून परत बसवतात. तो पूर्वीइतका बळकट कधीच होत नाही. मोठा उणे नंबर असणाऱ्यांचे दृष्टिपटल ताणलेले असते आणि पॅराशूट उघडतानाचा हिसका त्यांच्या बाबतीत विचार करायला लावतो. सर्वांत गंभीर बाब म्हणजे दृष्टिपटलाच्या काही शस्त्रक्रियांत डोळ्यात वायूचा फुगा भरतात. तो विरघळायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात उंचावर गेल्यास बाहेरचा दाब घटून तो वायू प्रसरण पावतो, डोळ्यातला दाब भयंकर वाढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा रुग्णाला साध्या विमानप्रवासाचीही मनाई असते. येथे कोणताही गॉगल कामाचा नाही.

इतके करूनही गॉगल सुटला तर? प्रशिक्षक हे आधीच शिकवतात. एक हात चटकन वर नेऊन तो पकडू पाहिला की दोन्ही बाजूंचा तोल बिघडतो आणि शरीर गर्रकन फिरते. त्याऐवजी डोळे अगदी किलकिले करावेत. पापण्यांच्या फटीतून अंधुक का होईना, दिसते. उंचीमापकाचा काटा कळतो आणि सोबतच्या प्रशिक्षकाची खूणही कळते. पॅराशूट उघडल्यावर वेग एकदम घटतो, वारा मंद होतो आणि डोळे सावरतात.

किमतीचा घोर करण्याचे कारण नाही. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटच्या मानाने साधा पारदर्शक गॉगल फार स्वस्त पडतो, आणि शर्यतीच्या घोड्यांवरचे स्वारही जवळपास याच घडणीचे गॉगल वापरतात. नांदगाव परिसरात अशी वस्तू घेतली तर ती उडीनंतर कपाटात पडून राहण्याचे कारण नाही. मक्याच्या किंवा बाजरीच्या मळणीयंत्रापाशी उभे राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत जे कुसळ जाते, त्याने दरवर्षी कितीतरी डोळे लाल होतात. तेथे हाच गॉगल उत्तम काम देतो. फक्त उडीसाठी वापरायचा गॉगल आणि खळ्यावरचा गॉगल एकच ठेवू नये. खळ्यावरच्या धुळीने पट्टी महिन्याभरात अंधुक होते.

धूळ बसलेला गॉगल कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये, कारण मातीचे कण पट्टीवर घासले जातात. आधी पाण्याखाली धरून धूळ वाहू द्यावी, मग सौम्य साबणाच्या पाण्याने बाहेरची बाजू धुवावी, सावलीत वाळवावा आणि मऊ कापडी पिशवीत ठेवावा. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली उन्हाळाभर ठेवलेला गॉगल वाकतो आणि त्याचा रबरी पट्टा सैल पडतो. पट्टा ताणून सोडल्यावर तो झटकन मूळ लांबीवर आला नाही, तर पट्टी कितीही स्वच्छ असली तरी पट्टा बदलून घ्यावा.